काटोलवाल्यांची संत्री

घराचं भाडं किती, हा प्रश्न लोक उगाच विचारतात. नागपुरात महाल भागातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं पस्तीस रुपये होतं, आणि पस्तीस रुपयांत काय मिळायचं म्हणाल, तर जिना चढायची परवानगी. नळाचे वेगळे, दिव्याचे वेगळे, उन्हाळ्यात पंखा लावला तर त्याचे वेगळे. भिंतीला खिळा ठोकायचा तर खिळ्यामागे आठ आणे. घरमालकीण काकूंचा हा शेवटचा नियम ऐकून आम्ही तीन वर्षं एकही खिळा ठोकला नाही. आरसा ट्रंकेवर उभा असे आणि कॅलेंडर दाराच्या कडीला लोंबत असे.

पण ते सगळं दिसणारं भाडं झालं. न दिसणारं मी माझ्या तोंडानं वाढवून घेतलं होतं.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. लग्न नवं होतं, नवरा सरकारी कचेरीत कारकून लागला होता आणि नागपुरात घर शोधता शोधता आमच्या चपला झिजल्या होत्या. अकरा घरं पाहिली. आम्हाला खोली पसंत पडायची, त्यांना आम्ही पसंत पडायचो, आणि मग प्रश्न यायचा, ‘आडनाव काय?’ आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच पुतण्याला दिलेली निघायची. नागपुरातल्या घरमालकांना एवढे पुतणे असतील, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आडनाव लपवायचं शिक्षण आमच्या घरात कोणी दिलेलं नव्हतं.

बारावं घर काकूंचं. त्यांनी आधी गाव विचारलं. मी म्हटलं, काटोल.

“काटोल? मंग संत्र्याचा बगीचा असन तुमचा!”

माझे वडील सुतार. संत्र्यांच्या व्यापाऱ्यांना लाकडी पेट्या ठोकून देत. आमच्या अंगणात संत्र्याची सालंसुद्धा शेजाऱ्यांची पडलेली असत. नवऱ्यानं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हटलं, “आहे ना जी. तीनशे झाडं.”

नवऱ्याला जो खोकला लागला तो जिना उतरेपर्यंत थांबला नाही. काकूंना मात्र संत्र्यांपुढं आडनाव आठवलंच नाही. किल्ली मिळाली आणि त्या घरात आमचं नाव ‘काटोलवाले’ पडलं. पावती देण्याची काकूंची रीत नव्हती, ते आमच्या पथ्यावर पडलं. पत्रं कचेरीच्या पत्त्यावर मागवायची आणि दारावर नावाची पाटी लावायची नाही, एवढं आम्ही ठरवून टाकलं.

पहिल्या हंगामात काकूंनी विचारलं, “काहून वं, बगीच्यातले संत्रे नाही आले अजून?”

मग माझी वरात सुरू झाली. काटोलहून वडलांकडची रिकामी पेटी एस.टी.नं आणायची, नागपूरच्या फळबाजारात संत्री विकत घेऊन तिच्यात गवत घालून भरायची, वर फळी ठोकून घ्यायची आणि सायकलरिक्षात बसून प्रवासानं दमल्यासारखी दारात उतरायची. संत्री खरोखर काटोलचीच असत. ती ट्रकनं आलेली असत, पेटी एस.टी.नं आणि त्यांची भेट बाजारात होई, एवढंच. काकू एक फोड तोंडात टाकून डोळे मिटत. “बजारातल्या संत्र्याले अशी चव राहत नाही.”

वर्षातून संत्र्याचे बहार दोन, म्हणजे पेट्याही दोन. नवरा हिशेब करून म्हणाला की आपलं भाडं पस्तीस नाही, चांगलं पन्नासाच्या घरात जातं. म्हणून एका वर्षी मी बागेवर कोळशी पाडली. झाडं काळी पडली, फळ गेलं, असं तोंड पाडून सांगितलं. काकू रोज जिन्याखालून बागेची तब्येत विचारू लागल्या. तीनशे झाडं आजारी ठेवणं हे काय सोपं काम आहे? शेवटी कंटाळून मीच ती बरी केली आणि पुन्हा पेटी आणली.

या सगळ्यात एक भाग मी नवऱ्यालाही सांगत नसे. वडलांना मी कधी ‘घरी येऊ नका’ म्हटलं नाही. ते यायचं म्हणाले की ‘मीच येते ना’ म्हणायची. असं तीन वर्षं चाललं.

मग मला दिवस गेले आणि ते ऐकून वडील न कळवताच निघाले. मी वर भाजी चिरत होते. खालून ओळखीचा आवाज आला. ते काकूंना जावयाचं आडनाव घेऊन, चांगलं खणखणीत, विचारत होते.

“असं कोनी राहत नाही इथं,” काकू म्हणाल्या. “वर काटोलवाले राहतात.”

“मी बी काटोलचाच. पोरगी माही.”

“अगं बाई! तुम्ही बगीचावाले?”

“बगीचा कुठचा जी? मी पेट्या ठोकतो.”

मी जिन्यात येऊन थिजले. काकूंनी वडलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “वर जा,” एवढंच त्यांना म्हणाल्या आणि आत गेल्या. पाण्याचं विचारलं नाही.

वडलांना वर सगळं सांगावं लागलं. ते जेवून, शेवटच्या गाडीच्या कितीतरी आधी परत गेले.

दोन दिवस आम्ही ट्रंक भरून बसलो होतो. पोटात बाळ असताना पुन्हा अकरा पुतणे ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. तिसऱ्या दिवशी काकू वर आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

“ते संत्रे विकतचे होते?”

“हो काकू.”

“अन् कोळशी?”

“खोटी.”

“मी त्या झाडांसाठी नारळ बोलली होती वं! फोडला बी!”

मला हसू आवरेना आणि भीतीही आवरेना. काकूंनी आमच्या भरलेल्या ट्रंकेकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “संत्रे बंद. भाडं दहा रुपये जास्ती.”

त्या दहा रुपयांत संत्री किती आणि आडनाव किती, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी वडील पुन्हा आले, या वेळी हातोडी घेऊन. पेटीच्या फळीची रंधा मारून केलेली पाटी त्यांनी आणली होती. तिच्यावर जावयाचं पूर्ण नाव होतं, आडनाव जरा मोठ्या अक्षरांत. ठोकण्याचा आवाज घरभर गेला.

“खिळे किती?” खालून काकू ओरडल्या.

“दोन जी!”

“एक रुपया!”

मी पैसे आणायला वळले, तोवर वडलांनी स्वतःच्या खिशातून रुपया काढून खाली नेऊन दिलाही. वर आले, हातोडी पिशवीत टाकली आणि पाटीकडं पाहत मला विचारलं, “आता मी येत जाऊ ना वं?”

इतर सगळं भाडं मी हसत भरलं होतं. या प्रश्नाचं उत्तर देताना मात्र मला रडू आलं.