उजवीकडे वळणारे नागेशकाका

नागेशकाका बोलायला लागले की आधी त्यांचे हात निघतात, शब्द मागून येतात. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. त्यामुळे र्युसेल्सहाइममधलं माझं सगळं आयुष्य त्यांचं "आल्झो, काय आहे ना अन्वी..." ऐकण्यात गेलंय. "आल्झो" म्हणजे जर्मनमधलं "तर"; ते म्हणताना भुवया वर, "काय आहे ना" म्हणताना हात वर, आणि मग तो हात हवेत गरागरा. पुढचं वाक्य बहुतेक वेळा येतच नाही. दर दिवाळीला स्वरूपाकाकू मला त्यांची नक्कल करायला लावते आणि सगळ्यात जोरात हसतात ते काकाच.

काका मूळचे चिंचवडचे. इथे गाड्यांच्या वायपरवर काम करतात. म्हणजे लॅबमध्ये काचेवर खोटा पाऊस पाडायचा आणि वायपर कुठे अडखळतो ते बघत बसायचं. "दिवसभर पावसातच असतो गं मी," असं ते सांगतात. असतात काचेच्या कोरड्या बाजूला, हे सांगत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी काकांनी इथला सायकल क्लब धरला. तिथे दोन-दोनच्या रांगेत जायचं आणि पुढचा हाताने जी खूण करेल ती मागच्यांनी निमूट पाळायची. पुढे कायम उडो, काका कायम त्याच्या मागे.

"तीन वर्षं मी उडोची पाठ बघतोय," ते म्हणायचे. "पाठसुद्धा नाही गं. पाठीच्या खालचं."

आणि जानेवारीत हिल्डे केसलर त्यांना म्हणाली, या शनिवारी तू पुढे. हिल्डे म्हणजे क्लबची मुख्य, गणिताची निवृत्त बाई. अजूनही प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहितेय असं बोलते. शनिवार नीट पार पडला तर उन्हाळ्यातली ऱ्हाइनकाठची मोठी राइडही काकांनीच न्यायची. आठवडाभर काका जिना चढताना शीळ घालत होते.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"मग परत उडोच पुढे."

शनिवार उजाडला तो धो धो. थंडी अशी की पाऊस खाली पडेपर्यंत बर्फ होऊ की नको याचा विचार करत होता. काकांनी पडदा बाजूला केला, बाहेर बघितलं आणि जाहीर केलं, "कॅन्सल!"

"कुणी सांगितलं?" काकू.

"सांगायला कशाला पाहिजे? एवढ्या पावसात चिंचवडला लोक स्वतःच्या साखरपुड्याला जात नाहीत. कांदे कुठेत?"

भज्यांच्या वासावर मी वर पोचले. पहिला घाणा निघतोय तेवढ्यात बेल वाजली. काकांनी झारा हातात ठेवूनच दार उघडलं. बाहेर जिनाभर हेल्मेटं. सगळी गळणारी. सगळ्यात पुढे हिल्डे.

"नागेश. वेळ. होऊन. गेली. आम्हाला वाटलं, तुला अपघात झाला."

"गेनाऊ," काका म्हणाले. जर्मनमध्ये याचा अर्थ "अगदी बरोबर", आणि अडकले की ते असंच म्हणतात. "म्हणजे नाही. निघालोच होतो."

हिल्डेने झाऱ्याकडे बघितलं. मग पायजम्याकडे. "हेल्मेट?"

"गेनाऊ."

काका कपडे बदलायला पळाले तसं काकूने मला ढकललं. "अन्वी, तू जा गं बरोबर. नाहीतर हे फ्रान्सला पोचतील आणि तिथून फोन करतील, अगं माझा पासपोर्ट कुठे ठेवलायस!"

खाली सायकली काढताना मी हळूच विचारलं, "काका, रस्ता बघून ठेवलाय ना?"

"पाऊस पडणार होता गं. कशाला बघू?"

निघालो. काका पुढे, शेजारी उडो, मागे मी आणि हिल्डे, त्यामागे बाकीचे. काकांचा फोन हँडलला अडकवलेला. त्याच्यावर पाऊस, त्यात बोटांना बेसन. दोनदा बोट लावलं तर नकाशा पोर्तुगालला गेला. तिसऱ्यांदा लावलं तर फोनने डोळे मिटले.

पण काकांकडे स्वतःची एक पद्धत होती. इथे सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हणजे मागच्या गाड्यांना हात दाखवा, रस्त्याच्या मध्ये या, समोरून येणाऱ्यांसाठी थांबा. उजवीकडे वळायला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून पहिल्या कोपऱ्यावर उजवीकडे. बेकरीशी उजवीकडे. चर्चपाशी उजवीकडे. मग काचेच्या बाटल्या टाकायचा तो मोठा हिरवा कंटेनर लागला, तिथे पुन्हा उजवीकडे. मागची रांग पण सगळी, शहाण्या मुलांसारखी, एकेक हात बाहेर काढून उजवीकडे.

मध्येच काका उडोला वायपरबद्दल सांगायला लागले. हात सुटले. डावा हात खाली गेला तसे मागचे सगळे नसलेला खड्डा चुकवून गेले. मग चष्मा पुसायला त्यांनी हात वर केला आणि अख्खा क्लब करकचून ब्रेक लावून उभा राहिला.

"काय झालं?" हिल्डे.

"गेनाऊ," म्हणून काका निघाले. चष्मा पुसून उपयोग नव्हताच. चष्म्याला वायपर नसतो.

बेकरी. चर्च. हिरवा कंटेनर.

"नागेश," हिल्डे म्हणाली, "हा कंटेनर आपण पाहिला आहे."

"हो, हो. इथे असे पुष्कळ असतात."

"काका, अहो हा आपल्याच..." मी सुरू केलं.

"अन्वी, बोलू नकोस, माझी लय जाते."

मग मी बोलले नाही. खरं तर मला बघायचंच होतं. पुढच्यावर शंका घ्यायची नाही असा क्लबचा नियम, त्यामुळे बाकीचेही गप्प. पुन्हा बेकरी. तिथली मुलगी आता काचेतून हात हलवायला लागली होती. पुन्हा चर्च. पुन्हा कंटेनर, आणि या वेळी कंटेनरपाशी छत्री घेऊन, बाटल्यांची पिशवी धरून स्वरूपाकाकू.

"अहो! तुम्ही अजून इथेच?"

काकांनी ब्रेक लावला. कंटेनर आमच्याच बिल्डिंगच्या मागचा. पण बाटल्या कायम काकू टाकते, काकांना तो कुठून माहीत असणार!

सगळे थांबले. उडो काकांकडे, काका हँडलकडे. या वेळी गेनाऊ आलं नाही.

"आल्झो, काय आहे ना..." काकांनी हात वर नेला आणि अर्ध्यातच खाली आणला. "मला रस्ता माहीत नाही. मला वाटलं, एवढ्या पावसात कोण येणार. मी झोपलो होतो. मग भजी तळत होतो."

हेल्मेटांवर पाऊस तेवढा वाजत होता. मग उडोने नाक ओढलं.

"मलाही वाटलं, हिल्डे रद्द करेल. मी बुटात पाय घालून फोनची वाट बघत होतो."

"मी पण," मागून कुणीतरी.

"मी तर देवाला सांगितलं होतं," आणखी कुणीतरी.

सगळ्यांनी हिल्डेकडे बघितलं. तिच्या नाकाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. "मला वाटलं," ती हळू म्हणाली, "तुमच्यापैकी कोणीतरी फोन करेल." मग एकदम गणिताची बाई झाली. "पुढे कोण आहे? नागेश. निर्णय पुढच्याचा. कुठे जायचं?"

काकांना आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. घरी काकू ठरवते, ऑफिसात साहेब. त्यांनी छाती पुढे काढली, हात आडवा केला आणि खूण केली. डावीकडे! काका डावीकडे वळले, रांग डावीकडे वळली, आणि तिथे आमच्या बिल्डिंगचं मागचं दार होतं.

मग काकूच्या हॉलमध्ये सगळा क्लब मोज्यांशिवाय. हीटरवर मोज्यांचं तोरण. उडो मिरचीचं भजं खाऊन लाल झाला, पाणी प्यायला, आणि दुसरं घेतलं. भज्यांच्या ताटापलीकडून काका हळूच हिल्डेला म्हणाले, "आणि उन्हाळ्यातली राइड?"

"नाही," हिल्डे म्हणाली. "ऱ्हाइन सरळ आहे. तू गोल जातोस."

काकांचा हात ताटातच राहिला.

"पण पावसातल्या सगळ्या राइड तुझ्या. हाच मार्ग." तिने भजं उचललं. "हाच शेवट."

काकांनी काकूकडे असं बघितलं, जणू ऱ्हाइन त्यांच्या नावावर झाली.

"दर पावसाला माझे कांदे?" काकू म्हणाली. "मी सायकलवर बसते. तुम्ही चिरा."

आता शुक्रवारी संध्याकाळी काका जिन्यात भेटतात ते हवामानाचं ॲप उघडूनच. शनिवारी सूर्य दाखवला की तोंड पडतं.

"परत उडो?" मी विचारते.

"गेनाऊ," काका म्हणतात.