जेवणानंतरची हाक

आमच्या घरात किस्से साठायचे ते जेवल्यानंतर! पाव मोडला की देवाचे आभार मानल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, हा आम्हा ज्यू लोकांचा नियम. मग हात वाळेपर्यंत गप्पा! संत तुकाराम नगरातल्या त्या टेबलावरची माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून सांगून ठेवते.

तीन पुरुष एकत्र जेवले की आभाराच्या प्रार्थनेआधी एकाने हाक द्यायची, "ज्याचं खाल्लं, त्याची स्तुती करू या!" बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आमच्याकडे पपा, दादा आणि मोशीला राहणारे काका. बायका या तिघांत धरत नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर द्यायची, आणि तिचा आवाज येईपर्यंत पपा पुढे सरकायचे नाहीत.

*

एकदा काकांची नाईट शिफ्ट होती. खाली कंपनीची बस हॉर्न देतेय. काका घास तोंडात घेऊनच उठले.

पपा ओरडले, "अरे, बसून घे! तू गेलास की आम्ही दोघंच!"

"भाऊ, देव समजून घेईल. माझा सुपरवायझर नाही!"

पपांनी तशीच हाक दिली. काकांचं उत्तर आलं ते जिन्यातून!

*

काका अचानक वारले. पहिल्याच शुक्रवारी, आमच्या शब्बाथच्या सणाच्या जेवणाला, शेजारचे कांबळेकाका डोकावले. "एकच माणूस कमी हाय ना? मी बसतो की राव!"

"ज्यू लागतो," पपा म्हणाले.

"मग वहिनी?"

"पुरुष लागतो."

कांबळेकाका विचारात पडले. "म्हणजे मी पुरुष, पण ज्यू नाही. वहिनी ज्यू, पण पुरुष नाहीत. आमचा दोघांचा मिळून एक धरा!"

पपासुद्धा हसले. आईही हसली, पण मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

*

दादा इस्राएलला गेला. त्याच्या ओळखीचे एक धर्मशिक्षक आमच्याकडे जेवायला आले. पपा ओशाळून म्हणाले, "तिसरा नाही हो, हाक राहणार."

पाहुणे सहज बोलून गेले, "तीन बायका एकत्र जेवल्या तर त्या आपली आपली हाक देऊ शकतात. जुन्या ग्रंथांतच आहे."

आई बघतच राहिली. "सासूबाई होत्या, वन्सं लग्नाआधी इथंच होत्या, मी होते. आम्ही तिघी होतो की हो! कुणी सांगितलं का नाही?"

"मलाच कुठं माहीत होतं!" पपा पुटपुटले. मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

"मग एकदा तरी मी हाक देणार," आई म्हणाली, "आणि तुम्ही उत्तर द्यायचं."

"देईन."

पण घरात आता आम्ही दोघीच. आत्या चिंचवडला, आणि गुडघ्यांमुळे तिला आमचा जिना चढवेना.

*

पपांना घशाचा कॅन्सर झाला. खाणं बंद, सगळं नळीतून. आवाजही बसला.

एका दुपारी कांबळेकाका आणि त्यांच्या मुलाने आत्याला खुर्चीत बसवून जिना चढवला. "तिसरा माणूस आणलाय, वहिनी!"

पपांच्या खाटेला टेबल लावून आम्ही तिघी जेवलो. नियमाप्रमाणे पाव मोडून खाल्ला. मग आईने हाक दिली. आत्याने आणि मी उत्तर दिलं.

पपांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"तुम्ही जेवला नाहीत," आई म्हणाली. "तुम्हाला धरता येत नाही!"

आणि त्यांचा आवाज येईपर्यंत ती पुढे सरकली नाही.