त्रेचाळीस उघडी पानं

आमच्या घरात संगणक एकच आहे. तो जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी असतो. सकाळी आजोबा वापरतात, दुपारी मी. वाद त्यामुळे होत नाही. वाद होतो तो आजोबा उघडलेलं एकही पान बंद करत नाहीत म्हणून.

तुम्ही नातवंडं याला टॅब म्हणता. दुपारी मी बसले की पडद्याच्या वरच्या काठाला त्यांची रांग लागलेली असायची. गुडघ्यांचे व्यायाम. कुकरची रिंग कोणत्या मापाची घ्यावी. एकच बातमी तीन वर्तमानपत्रांतून. तुमच्या गावचं हवामान. मध्येच कुठल्या तरी पानातून वीणा वाजायला लागायची आणि ती कुठून वाजते आहे हे शोधण्यात माझी दहा मिनिटं जायची.

"अहो, हे कुकरचं बंद करू का? रिंग आणून आठवडा झाला."

"राहू दे. खाली कुणीतरी चांगली माहिती लिहिली आहे, वाचायची आहे."

"माझ्या लायब्ररीत असता तर तुमचं कार्ड काढून घेतलं असतं."

"म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं. कार्ड लागत नाही."

हे विनोद पन्नास वर्षं ऐकते आहे. वर ते माझाच नियम मला ऐकवायचे. मी इथल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली हे तुम्हाला माहीत आहे. तिथे वाचकांनी पुस्तकं परत कपाटात ठेवायची नसत. ते हमखास चुकीच्या जागी ठेवतात, आणि चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. म्हणून 'पुस्तके टेबलावरच राहू द्यावीत' अशी पाटी मी स्वतःच्या हाताने लिहून लावली होती. आजोबा म्हणायचे, मी तेच करतो आहे, टेबलावर ठेवतो आहे.

पण त्या नियमाचा दुसरा भाग ते सांगत नसत. रोज बंद करायच्या आधी आम्ही सगळी टेबलं मोकळी करायचो. एकही पुस्तक रात्रभर टेबलावर राहिलं नाही, माझ्या सबंध नोकरीत नाही.

मार्चमध्ये आम्ही तुमच्याकडे यायच्या व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. तुमची जुलै-ऑगस्टची सुट्टी सगळी तुमच्याबरोबर काढायची असं ठरलं होतं. अर्ज आजोबा भरत होते. दोघांचे जुने पासपोर्ट, आईवडिलांच्या जन्मगावांची नावं, गेल्या दहा वर्षांतला प्रत्येक प्रवास. दोन सकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या सकाळी शेवटचं पान भरून झालं आणि मुलाखतीच्या तारखाही दिसायला लागल्या. मे महिन्यात चार जागा शिल्लक होत्या. "अंघोळ करून येतो आणि नीट डोक्याने तारीख घेतो," म्हणून ते उठले.

मला हे काही माहीत नव्हतं. मी वीजबिलाचं पान उघडायला बसले, आणि संगणक इतका जड झाला होता की बाण हलेना. वर मोजले, तर त्रेचाळीस टॅब. ते इतके आक्रसले होते की कुणाचं नाव वाचता येत नव्हतं, नुसती बोटाच्या नखाएवढी चित्रं. मला खरोखर राग आला. मी एकेक करून बंद करत सुटले. वीणा, गुडघे, कुकर, बातम्या. शेवटी तर बघतही नव्हते. सगळं मोकळं झालं तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

ग्रंथालयात टेबलावरचं पुस्तक उचलण्याआधी आम्ही त्यात चिठ्ठी आहे का ते पाहायचो. एखाद्याचं काम अर्धवट असलं तर तो चिठ्ठी ठेवून जायचा आणि ते पुस्तक आम्ही वेगळं काढून ठेवायचो. मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी हे शिकवायचे.

आजोबा डोकं पुसत आले. पडद्याकडे पाहिलं. "अर्ज कुठे आहे?"

"कसला अर्ज?"

ते खुर्चीत बसले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

वरच्या मजल्यावर निपाणीकडची एक बाई राहते, घरूनच ऑफिसचं काम करते. तिला बोलावलं. तिने दोन मिनिटांत पान परत आणलं. "अक्का, पान आलं बघा. पण आता आत जायला अर्जाचा नंबर मागायलंय. नंबर कुठं लिहून ठेवलाय?"

मी आजोबांकडे पाहिलं.

"समोर दिसत होता," ते म्हणाले. "लिहायचा कशाला?"

"छत्तीस वर्षं इंजिनीअर होतात ना तुम्ही?"

"आणि तू लायब्रेरियन," ते म्हणाले. वरची बाई हळूच निघून गेली.

सगळा अर्ज पहिल्यापासून भरला. या वेळी मी सांगत होते आणि ते टाइप करत होते. माझा फोटो दोनदा नाकारला गेला, कानावर केस आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तारखांचं पान आलं तेव्हा मेमधल्या जागा संपल्या होत्या, जूनमधल्याही. पहिली मोकळी जागा सप्टेंबरच्या अकराला होती. ती घेतली.

त्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. "बाबा, मेमध्ये मिळणार होती ना?"

"त्यांची साइट कोसळली गं," आजोबा म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ते लोक असेच आहेत!" ती म्हणाली, आणि पुढे पाच मिनिटं त्या लोकांना बोलत राहिली. मी शेजारी बसून मान हलवत होते. मग तुमच्यातल्या धाकटीने फोन घेतला. तिने आमच्या गादीसाठी तिची खेळणी भिंतीला लावून ठेवली होती. "आजी, मग परत जागेवर ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.

साइट कोसळली नव्हती. ते पान मी बंद केलं.