वाजवणाऱ्या पोरी

“तू ढोलांजवळ थांब गं. आम्ही आलोच.”

पथकाच्या ताई एवढंच बोलल्या आणि चपला काढून आत गेल्या. त्यांच्यामागे सगळ्या पोरी. महाल भागातल्या त्या मोठ्या घरी गणपती बसला होता. त्यांच्या दारात आम्ही जीव तोडून वाजवलं होतं. आता आत आलूबोंडे होते, पंखा होता, हसणं होतं. बाहेर मी. आणि ढोल.

मी तेव्हा बारावीत होते. नंदनवनातून सायकलने सरावाला यायची. मुलींचं ढोलपथक. सगळ्यांचा एकच कुर्ता, एकच फेटा. पहिल्याच दिवशी ताईंनी आम्हाला गोल करून हात धरायला लावले होते. “इथे आडनाव विसरायचं. आपलं आडनाव पथक.” मला खरं वाटलं. मी तो कुर्ता घरीसुद्धा घालून बसायची.

बाबांना ते आवडायचं नाही. बाबा वायरिंगची कामं करतात. त्यांचे वडील गावात डफडं वाजवायचे. आम्ही मातंग. लग्नात वाजवायचं, मयतीत वाजवायचं, आणि सगळे जेवून उठले की गोठ्याजवळ बसून उरलंसुरलं खायचं. बाबांनी डफड्याला हात लावला नाही. गाव सोडलं.

“आमी सोडलं ते, अन् तू काहून धरून राहिली?”

“बाबा, हे येगळं हाय,” मी म्हणायची.

आता मी त्या दारात उभी होते. याआधीही घरोघरी मीच थांबले होते. वाटायचं, आज आत जायचा आपला नंबर असेल. पण नंबर पुढे सरकतच नव्हता. घसा सुकला होता. पाणी मागायला म्हणून पायरीपर्यंत गेले. आतून घरच्या काकूंचा आवाज आला.

“ती बाहेरची मुलगी काय सुरेख वाजवते हो!”

“तिला शिकवावंच लागलं नाही, काकू,” ताई हसल्या. “त्यांचं कामच ना ते. रक्तातच असतं त्यांच्या.”

“अस्सं. मग तिचं बाहेरच पाठवते.”

दारातून मला माझी मैत्रीण दिसत होती. रोज माझा फेटा तीच बांधायची. तिने मला पाहिलं. मग ग्लासात पाहत बसली.

माझं बाहेर आलं. कागदाच्या प्लेटमध्ये. आत सगळ्यांच्या हातात स्टीलच्या प्लेटा होत्या.

मी खाल्लं नाही. कानात नुसतं घणघणत होतं. हाताला फोड येईस्तोवर मी सराव केला होता. तो सराव त्यांना दिसलाच नव्हता. त्यांना माझा आजा दिसत होता. त्यांनी वाजवलं तर संस्कृती. मी वाजवलं तर जात.

सगळ्या बाहेर आल्या. ताई म्हणाल्या, “चला, पुढचं घर.”

“तिथं बाहेर कोण थांबणार?” मी विचारलं.

“अगं, तू आहेस ना.”

“मी नाही थांबणार.”

ताईंचा चेहरा बदलला. “एवढं काय झालं तुला? आम्ही तर तुला आमच्यातलीच मानतो.”

“मले मानावं लागते ना, ताई? बाकीच्यांले मानावं लागते का?”

मी कमरेचा ढोलाचा पट्टा सोडला. फेटा काढला, ढोलावर ठेवला आणि सायकल काढली. मागून कोणी हाक मारली नाही.

घरी सगळं सांगितलं. बाबा जेवत होते.

“आता समजलं?”

“समजलं. पण मी वाजवणं सोडत नाही, बाबा. दुसऱ्याच्या दारात नाही वाजवणार. आपल्यासाठी वाजवीन.”

ते ताटावरून उठले. किती तरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही माझं वाजवणं ऐकायला येत नाहीत.

आता माझं पथक आहे. वस्तीतल्या पोरी. सक्करदऱ्याच्या एका मैदानात जमतो. सुरुवातीला प्लास्टिकचे ड्रम बडवले. पोरं ओरडायची, “बँडवाल्या आल्या!” पोरी रडायच्या, दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

आमच्याकडे आडनाव विसरायला सांगत नाही. गोल बसायचं आणि पूर्ण नाव सांगायचं. माय काय करते, आजा काय करायचा, सगळं. मागच्या आठवड्यात एक नवी पोरगी आली. मान खाली घालून म्हणाली, “माय संडास साफ करते.”

तिच्या बाजूची हळूच सरकली. आमच्याच वस्तीतली. चांगली वाजवणारी.

“काहून सरकली वं?”

“असंच.”

“होती तिथं बस. नाही तर घरी जाय.”

सरकली होती ती उठली. तिच्यासोबत आणखी दोघी गेल्या. उरलेल्या माझ्याकडे पाहत राहिल्या. कुणीतरी पुटपुटलं, “ताई, अशानं पथक तुटन.”

त्या दिवसापासून मला चैन नाही. तिघी चांगल्या होत्या. मिरवणूक जवळ आली आहे. त्यांची वाट पाहते मी, खोटं कशाला बोलू. पण बोलवायला जाणार नाही. आणखी कोणी सरकली तर तिलाही उठवीन. पथक दोघींचं उरलं तर दोघींचं. त्या पोरीच्या बाजूची जागा रिकामी राहणार नाही. तिथे मी बसणार.