निळ्या खडूची खूण

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आत्या आधी दाराशी टांगलेल्या ब्रेकड्रमला हातोडीनं एक टोला द्यायची. चहाच्या आधी, कुणाशी काही बोलायच्याही आधी. ड्रम विकायचा नव्हता. कुठल्याशा जुन्या ट्रकचा होता, ओतीव लोखंडाचा, केसाएवढीही चीर नसलेला. टोला पडला की तो लांबपर्यंत घुमायचा, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत आत्या मान किंचित कलती करून उभी राहायची. "कान लावून घेते," म्हणायची.

माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आतून ओरडायचे, "झालं का ताई तुझं गाणं? चहा गार होतोय."

"होऊ दे. तुझ्या जिभेसारखा गरम नको मला."

दुकान बाबांचं. जुन्या गाड्या घ्यायच्या, खोलायच्या आणि त्यांचे सुटे भाग लांबच्या गॅरेजना पाठवायचे. विकणं बाबांकडे, पॅकिंग आत्याकडे. बाबा कुणालाही काहीही विकू शकत. आत्या कुठलंही धूड कुठेही धडपणे पोचवू शके, आणि तेही स्वस्तात. लाकडी पेटी ती कधी करायची नाही. लाकूड स्वतःच वजन खातं. गिअरबॉक्स दोन फुकटच्या टायरांच्या मध्ये बसवायची आणि फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायची. फ्रिजच्या दुकानातले पुठ्ठे आणून, घड्या घालून, ते इंजिनच्या हेडभोवती, म्हणजे त्याच्या वरच्या ओतीव झाकणाभोवती, असे चढवायची की खोकं हलवलं तरी आतून हूं की चूं नाही. तेल थेंबन्‌थेंब निथळून काढायचं, भोकांना चिंध्यांची बुचं, बाहेर आलेल्या बोल्टांना रबरी नळीच्या टोप्या. "खोक्यात हवा नको," ती म्हणायची. "हवेचं भाडं आपण का भरायचं? आणि मार बसतो तो पोकळीतच." माल परतीच्या रिकाम्या गाड्यांतून जायचा, कारण रिकामा परतणारा ड्रायव्हर भाव करत नाही.

पण पॅक करण्याआधी एक काम असायचं. साखळीच्या कप्पीनं तो भाग वजनाच्या काट्याला टांगायचा आणि अधांतरी असतानाच हातोडीचा हलका टोला द्यायचा. अखंड लोखंड वाजतं. तडकलेलं बद्द बोलतं, चीर डोळ्यांना दिसत नसली तरी. वाजलं तर आत्या ते पॅक करायची आणि खोक्याच्या कोपऱ्यात निळ्या खडूनं एक गोल काढून त्यात ठिपका द्यायची. नाही वाजलं तर बाबांकडे बघून नुसतं म्हणायची, "भंगारात."

आमच्या रस्त्याच्या टोकाला ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. तिथले बुकिंगवाले काका प्रत्येक नग उघडून बघत, फक्त निळ्या खुणेचा सोडून. "बाईंची खूण आहे ना? मग चढवा," एवढंच. आत्याचं लग्न टिकलं नव्हतं, शिक्षण चार बुकांचं, नावावर घर नाही की दार. तिच्यापाशी होता तो हा गोल आणि आतला ठिपका. तिला तो पुरायचा.

मग कधीतरी बाबा बदलले. चांगले बदलले, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. जेवायला ते समोरची जागा सोडून आत्याच्या उजव्या बाजूला बसू लागले. तिच्याशी बोलताना जरा वाकायचे. टीव्हीचा आवाज तिनं न सांगताच वाढवायचे. आई थट्टा करायची, "बहिणीची काय बडदास्त! माझ्या वाटणीचंही थोडं ठेवा." आत्या लाजायची. "उशिरा का होईना, अक्कल आली त्याला," म्हणायची आणि त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढायची. टीव्ही मोठा लागतो हे मलाही दिसत होतं. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

त्याच सुमारास एका सकाळी टोला दिल्यावर आत्या ड्रमपाशी रेंगाळली. "ड्रम बसला की काय रे? हल्ली मंद बोलतो."

"गंजला असेल," बाबा म्हणाले.

"माल पण तसाच वाटतो. सगळंच जरा दबकं वाजतं."

बाबा एका गाडीचं दार उतरवत होते. त्यांनी पान्हा खाली ठेवला, तिच्या जवळ आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता लोखंडच तसं येतं, ताई. काय काय वितळवून ओततात! पूर्वीसारखं वाजणार कुठून?"

आत्यानं थोडा विचार केला. "मग कान जरा सैल सोडायला हवा," ती म्हणाली आणि कामाला लागली.

दीड वर्ष गेलं. मी शनिवारी खोक्यांवर पत्ते लिहायला दुकानात जायची, अक्षर बरं म्हणून. अशाच एका शनिवारी दुपारी बुकिंगवाले काका स्वतः हातगाडी ढकलत आले. बाबा समोर चहा सांगायला गेले होते. गाडीवर आमचंच खोकं होतं, निळ्या खुणेचं, परत आलेलं.

"बाई, हे तिसरं," काका म्हणाले. "आतलं हेड फुटलेलं निघालं."

"तिसरं? पहिली दोन कुठली?"

काका गोंधळले. "तुमच्या भावानं भरपाई घेतली की आमच्याकडून. तुम्हाला माहीत नाही?" मग ओशाळून म्हणाले, "आमच्या मालकांनी जुन्या हमालाला घरी बसवलं. बाईंची खूण असलेला नग फुटला म्हणजे हमालानंच आपटला, असं धरलं त्यांनी. तो रडत होता हो. म्हणत होता, मी पोरासारखं उतरवलं."

खोकं परत बांधून आणलं होतं, ते आत्यानं सोडलं. वरचे पुठ्ठे गॅरेजवाल्यानं उचकटले होते, पण खालची बाजू, कोपरे, तिच्या घड्या जशाच्या तशा होत्या. कुठे दबलेलं नाही, चेपलेलं नाही. आत हेड, आणि एका भोकापासून कडेपर्यंत गेलेली चीर. तिथला एक टवका निघाला होता. तिनं त्या जागी नख फिरवलं आणि बोट काकांपुढे धरलं. काळं.

"प्रवासात फुटलेलं आतून चंदेरी असतं," ती म्हणाली. "हे जुनं आहे. इथूनच फुटकं गेलं."

तिनं हेड कप्पीला टांगलं, टोला दिला आणि माझ्याकडे वळली. "कसं वाजलं?"

"बद्द," मी म्हणाले.

"आता ड्रम वाजव."

मी दाराशी जाऊन टोला दिला. ड्रम घुमला, लहानपणापासून मी ऐकत आलेय तसाच, स्वच्छ, लांब. आत्या ड्रमकडे बघत नव्हती. आवाज थांबेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"थांबला?"

"आत्ता थांबला."

"बराच वेळ वाजला की," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबा चहाचे पेले घेऊन आले. काकांना, उघड्या खोक्याला, टांगलेल्या हेडला बघून जागीच थांबले.

"तुला कधी कळलं?" आत्यानं विचारलं.

"काय?"

"माझा कान."

बाबा उत्तर द्यायला दोन पावलं फिरून तिच्या उजव्या बाजूला आले. सवयीनं. तिथे उभं राहिल्यावर त्यांना समजलं आपण काय केलं ते. त्यांनी पेले खाली ठेवले.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, ताई."

"वाईट वाटू नये म्हणून फुटकी हेडं दिलीस माझ्या हातात?"

"सगळी नाही गं. दोन-चार. गिऱ्हाईक अडून बसतं, माल मिळत नाही... आणि भरपाई ट्रान्सपोर्ट देतं. आपल्या घरातलं कुणाचं काय गेलं?"

"त्या हमालाचं घर ते घर नव्हे, गोदाम आहे?"

बाबा काकांकडे बघून कसंनुसं हसले. काका हातगाडीच्या चाकाकडे बघत राहिले.

"लोखंडच तसं येतं म्हणालास," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "खांद्यावर हात ठेवून म्हणालास. कान गेला त्याचं काय एवढं, वयच आहे. पण त्या दिवसापासून मी माझ्या कानापेक्षा तुझा शब्द खरा मानला."

तिनं एप्रनच्या खिशातून निळा खडू काढला आणि काकांच्या हातात ठेवला. "तुमच्या मालकांना सांगा, बाईला ऐकू येत नाही. दीड वर्षाच्या एकाही नगाची मी हमी देत नाही. त्या माणसाला परत कामावर घ्या. आणि यापुढे आमचं प्रत्येक खोकं उघडा."

"ताई, दुकान बुडेल!"

"बुडायची ती खूण बुडाली. तुझं दुकान तरंगेल, काळजी करू नकोस. हलकं असतं ते तरंगतंच."

महिन्याभरानं हमाल परत कामावर आला. आत्याही दुकानात येत राहिली, जाणार कुठे? पॅकिंग तिचंच, पण टोला द्यायला बाबांनी दुसरा माणूस ठेवला. ड्रमला तिनं पुन्हा हात लावला नाही. ऑफिसात काका तिच्या देखत गाठी सोडायचे, पुठ्ठे उलगडायचे, आणि परत बांधताना ते कधीच नीट बसायचे नाहीत. ती शेजारी उभी राहून बघायची. एकदाही "मी बांधते" म्हणाली नाही.

बाबांशी अबोला धरला असंही नाही. मीठ कमी पडलंय, पाणी येऊन गेलं, दार लोटून घे, सगळं बोलायची. फक्त त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी जेवायला बसताना तिनं आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिच्या उजवीकडे आता भिंत होती आणि डावीकडे बाबा. ते काही म्हणाले तरी ती जेवत राहायची. आईनं एकदा विचारलं, "ते बोलतायत, ऐकलंत का?"

"नाही," आत्या म्हणाली. "त्या कानानं नाही येत."

गेल्या वर्षी तिच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलात आठ दिवस होती. शेवटच्या दुपारी बाबा थर्मास घेऊन आले, खुर्ची ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले, वाकले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. आत्यानं डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हातानंच पलंगाची दुसरी बाजू दाखवली.

"खुर्ची तिकडे घे," ती म्हणाली. "इथे नर्सला अडचण होते."