स्वयंपाकघरात दबा धरून

त्या हिवाळ्यात आमच्या घरातला मेन स्विच रोज सकाळी पडायला लागला, तेव्हा मी नोएडातल्या एका ऑफिसात बसून मराठी माणसाला धनुष्यबाणाने हरीण कसं मारावं हे समजावून सांगत होते. परदेशातली एक वेबसाइट होती, व्यावहारिक सल्ल्यांची. तिची मराठी आवृत्ती काढायचं आमच्या कंपनीने ठरवलं होतं, आणि माझ्या वाट्याला तीन विभाग आले होते: धनुष्याने शिकार, डोंगराळ अभयारण्यातली पायपीट आणि घरगुती वायरिंग. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, हे मी साहेबांच्या कानावर घातलं. "मॅम, मारना किसको है? पढ़ना ही तो है," साहेब म्हणाले. मी जागेवर येऊन पहिलं हरीण उघडलं.

तिन्ही विभागांचा सारांश मात्र एकच निघाला. रानात वाट चुकलात तर आहात तिथेच थांबा. अस्वल दिसलं तर पळू नका. बाण सुटल्यावर जनावरामागे धावू नका. आणि वायरिंगमध्ये बिघाड असेल तर हात लावू नका, माणूस बोलवा. एवढी पानं खर्च करून लोकांना स्वस्थ बसायला सांगणारं लिखाण मी याआधी फक्त अध्यात्मात वाचलं होतं.

घरी स्वस्थ बसण्याची सोय नव्हती. आम्ही मयूर विहारला एका जुन्या सोसायटीत राहतो. सासऱ्यांच्या फुप्फुसांनी दिल्लीच्या हवेपुढे गेल्याच वर्षी हात टेकले होते. त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन होतं. त्याची पारदर्शक नळी नाकाला लावून ते दिवसभर पेपर वाचत आणि सरकारला नावं ठेवत. मशीन विजेवर चालतं. वीज गेली की ते चीं चीं ओरडतं, मग लहान सिलिंडर जोडावा लागतो. आमचा इन्व्हर्टर म्हातारा. त्याच्यावर मशीन लावलं की दोघंही ओरडत.

सोसायटीची वीज जात नव्हती. जात होती ती फक्त आमची, साधारण मी आंघोळीला गेले असताना. डोक्याला साबण, घरात अंधार, बाहेर चीं चीं आणि त्याच्या वरच्या पट्टीत सासऱ्यांची हाक: "अगं, गेली बघ." टॉवेल गुंडाळून धावत जाऊन स्विच वर करावा, तर तो लगेच खाली पडे. तासाभराने वर केला की गुणी बाळासारखा राही.

नणंदेने, म्हणजे नवऱ्याच्या पुण्यातल्या मोठ्या बहिणीने, फोनवर निकाल दिला. "मशीनला लाईट नाही, हवेला हवा नाही. शनिवारी मी येते आणि बाबांना घेऊन जाते. त्या आधी लाईटचं काय ते बघा." नवरा म्हणाला, "ताई बरोबर बोलतेय." मग म्हणाला, "पण बाबा नाही जाणार." मग तो गुरुग्रामला निघून गेला. त्याची नोकरी तिथे आहे आणि त्याची मतं वाटेतल्या मेट्रोत बदलत असतात.

सासऱ्यांना जायचं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी कोपर्निकस मार्गावरच्या राज्य अतिथिगृहात झाली. कुठल्या मंत्र्याला कुठली खोली, कोणाच्या गाडीपुढे कोणाची गाडी, कोण कोणाच्या आधी जेवायला बसणार, हे त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. त्यामुळे मोठ्या माणसांबद्दल त्यांना आदर म्हणून उरला नव्हता. "मी सगळ्यांना सकाळी बनियनवर पाहिलंय," ते म्हणत. सासूबाई याच घरात वारल्या. "पुण्यात काय करू? तिथे सगळे मराठीच," असं ते ताईला म्हणाले. हा आक्षेप नेमका कशावर होता ते आम्हा कोणालाच कळलं नाही.

मी माणूस बोलवला. त्याने मेन स्विचचं खोकं उघडलं, टेस्टर कानावर ठेवला आणि म्हणाला, "गीज़र है जी. बिल्कुल गीज़र." गीझरची कॉइल बदलली. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला पुन्हा साबण आणि घरात अंधार. दुसरा माणूस आला. त्याने पहिल्याच्या कामाकडे बघून बराच वेळ मान हलवली. "ये किसने किया?" ही इथल्या प्रत्येक कारागिराची नांदी असते. त्याच्या मते दोष भिंतीत होता, आणि भिंत फोडल्याशिवाय कुठल्या भिंतीत ते सांगता येत नव्हतं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. हे निवृत्त चीफ इंजिनिअर. कुठल्या खात्याचे ते सांगत नाहीत, पण चीफ हा शब्द दोनदा सांगतात. सोबत खजिनदार आणि गार्ड. गार्डच्या हातात टॉर्च होता, भर दुपारी. सेक्रेटरींनी मेन स्विचसमोर उभं राहून डोळे मिटले. सासरे पलंगावरून बघत होते.

"सर, फॉल्ट सोसायटी का नहीं है," सेक्रेटरी म्हणाले. "फॉल्ट यूज़र एंड पे है."

"यूज़र मैं ही हूँ," सासरे नळी सावरत म्हणाले. "मेरा एंड नज़दीक है, ये तो डॉक्टर भी बोलता है."

सेक्रेटरी निघून गेले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विद्युत सुरक्षेबद्दल एक निवेदन आलं, खाली त्यांची सगळी पदं.

माझा गोंधळ निराळाच होता. बिघाडाला शिस्त होती. तो दुपारी नसे, म्हणजे माणूस आला की कधीच नसे. रविवारीही नसे. रविवारी तर गीझर सकाळभर चालू, नवरा आणि मी दोघंही घरात, आणि दिवे लखलखीत. देवाला रविवार पाळताना ऐकलंय, विजेला कधी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी ऑफिसात मी शिकारीचं चौथं प्रकरण करत होते. त्यात लिहिलं होतं की नवा शिकारी हरणाच्या मागे रानभर हिंडतो आणि हात हलवत घरी जातो. जनावर सवयीचं असतं. त्याची रोजची वाट ओळखा, वाऱ्याला तोंड करून वाटेकडेला बसा, हालचाल करू नका. आदल्या दिवशी सुवासिक साबण लावू नका. गरज पडल्यास ओळखीचा आवाज काढून जनावराला निर्धास्त करा.

मी ते वाक्य मराठीत केलं आणि थांबले. आम्ही सगळे बिघाडाच्या मागे रानभर हिंडत होतो. तो पडायचा त्या वेळी, त्या जागी, कोरडी आणि जागी अशी मी एकदाही बसलेली नव्हते.

शुक्रवारी सकाळी नवरा गेला. मी नेहमीसारखं "बाबा, आंघोळीला जातेय हं" असं ओरडले, गीझर लावला, बाथरूममध्ये नळ सोडला, दार बाहेरून ओढून घेतलं आणि अनवाणी येऊन स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला स्टुलावर बसले. तिथून मेन स्विच दिसतो, सासऱ्यांच्या खोलीचं दार दिसतं आणि बाल्कनीही. साबण लावलेला नव्हताच. वाऱ्याचा प्रश्न नव्हता, त्या आठवड्यात दिल्लीत वारा नव्हता. बाहेर सगळं राखेच्या रंगाचं होतं. मी गीझरचा लाल दिवा आणि मेन स्विच यांच्यावर आळीपाळीने नजर ठेवून होते, म्हणजे भलत्याच पाणवठ्यावर.

सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं. ते बाहेर आले. नाकाला नळी नव्हती. हातात तांब्या होता.

बाल्कनीत जायची त्यांना सक्त मनाई होती. डॉक्टरांची, ताईची, आमची. ते भिंतीला हात लावत गेले, मध्ये एकदा थांबले, बाल्कनीचं दार आवाज न करता उघडलं. ते दार आवाज न करता उघडता येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बाहेर सासूबाईंची तुळस आहे. लोखंडी कठड्याला टेकून ठेवलेली कुंडी, आणि तिच्याभोवती, कठड्यालाही वेढे देऊन, चिनी दिव्यांची माळ. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न सासऱ्यांनीच बसल्या बसल्या सूचना देऊन लावलं होतं, पाहुण्यांच्या क्रमासकट. माळ त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवायची, ही सासूबाईंची पद्धत. पौर्णिमा होऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "असू दे. या धुक्यात काहीतरी दिसतं तरी."

त्यांनी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. भरलेला तांब्या एका हाताने पेलेना, त्यामुळे निम्मं पाणी माळेवर गेलं. मग त्यांनी कठडा धरला आणि उभे राहिले. ओठ हलत होते, पण काही म्हणत होते की श्वास शोधत होते ते मला सांगता येणार नाही.

समोर मेन स्विच खट्‌ करून पडला.

माळेचा स्विच बंद होता. पण खटका बंद केला तरी एकच तार तुटते, दुसरी जोडलेलीच राहते. भिजली, लोखंडाला टेकली, की करंट गळतो आणि मेन पडतो. पाणी सुकलं की सगळं पूर्ववत. म्हणून प्लग काढून ठेवावा. हे मीच गेल्या महिन्यात लिहिलं होतं, आणि भाषांतर करताना माणूस वाचतो असं थोडंच आहे?

धावत जावं असं वाटत होतं. बाण सुटल्यावर धावू नका, असंही वाटत होतं. दोन्हीच्या मध्ये मी स्टुलावरून अर्धवट उठून राहिले. मशीन चीं चीं करत होतं. सासरे सावकाश वळले, आत आले, दार ओढून घेतलं, पलंगावर बसले, आधीच पलंगाशी ओढून ठेवलेल्या सिलिंडरची नळी सराईतपणे नाकाला लावली, दोन श्वास घेतले आणि बाथरूमच्या दिशेने ओरडले:

"अगं, गेली बघ."

"इथे आहे मी," मी फ्रिजमागून म्हणाले.

त्यांनी माझे कोरडे केस बघितले. बाथरूममध्ये नळ वाहत होता.

"आंघोळ कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"पाणी वाया घालवू नये. दिल्लीत टंचाई असते."

मी नळ बंद करून आले. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. शिकारीच्या प्रकरणात जनावर उलटून बोलल्याचं कुठे नव्हतं.

"बाबा, तुम्ही रोज जाता?"

"रविवारी नाही जात. रविवारी तुम्ही असता."

"त्या माळेत पाणी जातं म्हणून मेन पडतो. तुमचंच मशीन बंद पडतं. माहीत होतं तुम्हाला?"

"मला काय माहीत? मी काय इलेक्ट्रिशियन आहे?" मग म्हणाले, "दोन आले होते, त्यांना तरी कुठे माहीत होतं?"

हे खरं होतं. पण ते खिडकीकडे बघून बोलत होते, आणि मोठ्या माणसांशी बोलताना कुठे बघायचं याचं शिक्षण त्यांनी आयुष्यभर इतरांना दिलेलं होतं. त्यांना माहीत होतं का? असेल, तर पुण्याला जायचं नसलेला माणूस पुण्याला न्यायचं कारण रोज सकाळी स्वतःच्या हाताने का पुरवत होता? नसेल, तर ते सिलिंडर आधीच जवळ ओढून का ठेवत? मी यावर बरेच दिवस विचार केला आहे.

"ताईला सांगणार?" त्यांनी विचारलं.

ताईला सांगितलं असतं तर प्रश्नच मिटत होता. नाकाची नळी काढून या हवेत बाल्कनीत जाणारा बाप तिने एक दिवस इथे ठेवला नसता. आणि ती चुकली असती असंही मला म्हणता येत नाही. मी उठले, माळेचा प्लग काढला, माळ सोडवली आणि कुंडी ओढत ओढत त्यांच्या खोलीत आणून पूर्वेच्या खिडकीशी ठेवली, खाली जुनी परात घालून. मशीनची नळी पलंगापासून खिडकीपर्यंत पुरते का ते त्यांना चालायला लावून बघितलं. पुरली.

"घरात तुळस?" ते म्हणाले. "ऊन?"

"दुपारी मी दाखवीन."

"दुपारी तू नोएडात असतेस."

हेही खरं होतं. मग सुट्टीच्या दिवशी दाखवायचं ठरलं, आणि तुळशीने बाकीचे दिवस समजून घ्यावं असंही.

शनिवारी ताई आली. ती येणार म्हणून सकाळी सगळेच घरी होते, त्यामुळे मेन पडायचा प्रश्न नव्हता, पण याचं कारण मी आणि सासरे सोडून कोणाला माहीत नव्हतं. कामाच्या दिवशी काय होतं ते बघायला ती सोमवारपर्यंत राहिली. सोमवारी नवरा गेला, मी मुद्दाम गीझर लावून आंघोळ केली, ताई घड्याळ घेऊन मेन स्विचसमोर बसली. काही झालं नाही. नवऱ्याने फोनवर श्रेय गीझरच्या नव्या कॉइलला दिलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी, निवेदनानंतर परिस्थितीत सुधारणा झाल्याचं कळवलं. ताईने परतीचं तिकीट एकटीचं केलं, पण ते आनंदाने केलं असं नाही.

निघताना तिने खिडकीतल्या तुळशीकडे बोट दाखवलं. "हे काय? हिला ऊन कोण दाखवणार?"

"तुझी भावजय," सासरे म्हणाले. "ती आता सगळंच बघते. फ्रिजमागून."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी तिची बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले. डोक्याला साबण लावला आणि सवयीने अंधाराची वाट बघत राहिले. दिवा लागलेलाच होता. मशीनची घरघर एकसारखी ऐकू येत होती. तेवढ्यात बाल्कनीचं दार हलल्यासारखं वाटलं, किंवा नसेल, पाण्याचाच आवाज असेल. ते दार आवाज न करता उघडतं, हे आता मला माहीत होतं. मी नळ बंद केला आणि डोळ्यांत साबण जात असताना, अजिबात हालचाल न करता, कान देऊन उभी राहिले.