दाजींच्या युद्धातला पाठमोरा माणूस

परग्रहावरच्या लोकांनी पृथ्वीवर हल्ला केलाच, तर तो केज तालुक्यातूनच सुरू होणार, याविषयी आमच्या दाजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दिल्ली-मुंबई त्यांच्या लेखी किरकोळ. "तिकडं कावून उतरतील ते? यान टेकवायला जागा तरी हाय का तिथं?" असं ते मला विचारायचे आणि आपल्या गच्चीवरून चारी बाजूंच्या उघड्या माळावर असा हात फिरवायचे की, जणू व्याह्यांना मांडवाची जागाच दाखवताहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा केबलचा. गावभर काळ्या वायरींचं जाळं, गच्चीवर बैलगाडीएवढी जुनी डिश, आणि स्वतःचं एक लोकल चॅनेल. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, लग्नाच्या वराती, पुण्यस्मरणं आणि उरलेल्या वेळात एक स्थिर गुलाबाचं फूल. पण हे सगळं पोटासाठी. दाजींचा जीव गुंतला होता तो दुपारच्या पिच्चरांत.

दुपारी जेवणं उरकून गाव आडवं झालं की, कुठल्याशा चॅनेलवर हिंदीत डब केलेले, टीव्हीसाठीच स्वस्तात काढलेले परदेशी पिच्चर लागायचे. आकाशातून शत्रू येणार, चार-सहा सैनिक एकाच टेकडीमागे पळत राहणार, शेवटी कुणीतरी एक तांबडं बटण दाबणार. दाजी ते पिच्चर पोथी ऐकावी तसे मांडी घालून बघत. मोठ्या खर्चाच्या पिच्चरांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "त्यात समदं खरं वाटतंय मास्तर. खरं बगायला घराला खिडकी हाय की!" यान ज्या दोऱ्याला टांगलंय तो दोरा दिसला की ते मांडीवर थाप मारत. एकदा पहिल्या लढाईत मेलेला सैनिक तिसऱ्या लढाईत पुन्हा मरताना सापडला, तेव्हा तर त्यांचे डोळे भरून आले. "बगा, ह्यो मघाशी मेलता. पुन्ना आला कामावर. ह्याला म्हन्तेत इमान!"

या नादामुळे त्यांची नजरच फिरली होती. जगातल्या कुठल्याही वस्तूत त्यांना आधी शस्त्र दिसे, मग वस्तू. फवारणीचा पंप पाठीला लावून ते आरशासमोर उभे राहत. लग्नात आचाऱ्याचा मोठा झारा तोंडासमोर धरून त्यांनी नवरदेवाला इतका वेळ न्याहाळलं की तो बिचारा अक्षता विसरला. एका सांत्वनाच्या भेटीत तर माणसं डोळे पुसत असताना दाजींनी कोपऱ्यातल्या पितळी बंबाला अशी प्रेमाने प्रदक्षिणा घातली की, मेलेल्या माणसाने तो यांना तोंडी देऊन ठेवला होता की काय, अशी घरच्यांना शंका आली. आमच्या ताईने केव्हाच हात टेकले होते. "माझ्या घरात झाकण असलेलं एकबी भांडं राहिलं न्हाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि दाजी मागून म्हणत, "लढाई म्हनल्यावर थोडं सोसावं लागतंय."

मग ते कोरडं साल आलं. आमच्याकडचं धरण तळापर्यंत आटलं आणि ज्या गावावर पाणी चढवलं होतं ते जुनं गाव वर आलं. लोक चार दिवस बघायला गेले आणि जायचे थांबले. का थांबले ते कुणी नीट सांगेना. दाजी एकदा गेले ते धापा टाकत माझ्या शाळेत आले. वर्ग चालू असताना दारात उभं राहून म्हणाले, "मास्तर, ग्रह सापडला."

मी पाहिला तो ग्रह. भेगाळलेला चिखल कोसभर पसरलेला, त्यात पांढरे शिंपले, झाडांचे काळे बुंधे, आणि मधोमध कंबरेइतक्या भिंतींचं गाव. छपरं नाहीत, दारं नाहीत, पण गल्ल्या जशाच्या तशा. उंबरे जागच्या जागी. सगळ्याचा रंग एकच, राखेसारखा. तिथे पक्षी नव्हते. बोललेलं पुढे जात नसे, पायाशीच पडे. आणि पाण्याचा थेंब नसताना भर दुपारी एखाद्या भिंतीआडून गार, ओला वारा येऊन अंगावरून जाई, कुणी नुकतंच नाहून गेल्यासारखा. मला तिथे उभं राहवेना. दाजी मात्र दोन्ही हातांची चौकट करून डोळ्यापुढे धरून फिरत होते. "एक खडा हलवायची गरज न्हाई. आपल्या चॅनेलचा पयला पिच्चर हितंच."

त्या पिच्चरचं नाव 'लाल ग्रहाचा घाला'. गच्चीवरची जुनी डिश उपडी घालून तिचं यान झालं. खताच्या रिकाम्या पोत्यांना चंदेरी रंग देऊन परग्रहवासीयांचे अंगरखे झाले, शिरस्त्राणं अर्थातच ताईच्या स्वयंपाकघरातली. दाजींचे जिवलग दोस्त रहीमभाई वेल्डर यांनी उसाच्या ट्रॉलीला पत्रे मारून रणगाडा बनवला, आणि स्वतःच शत्रूचे सेनापती झाले. चष्मा असल्यामुळे मी शास्त्रज्ञ. माझं एकच वाक्य होतं, "आता पृथ्वीचं काही खरं नाही," आणि ते म्हणताना मला अजिबात अभिनय करावा लागला नाही. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, चालवणारे दाजी.

शेवटच्या लढाईच्या दिवशी सगळे सुतळी बॉम्ब आणि जुनी टायरं एकदम पेटवायची ठरली, कारण दुसऱ्यांदा पेटवायला काही उरणार नव्हतं. धूर उसळला, चंदेरी पोती धावली, रहीमभाई गरजले, "हल्ला करो बे!" मी यानाजवळ मरून पडलो होतो. आणि दाजींची आरोळी आली, "अरे कोन हाय तिकडं! बाजूला व्हा!" पण बॉम्ब फुटत होते, कुणाला ऐकू गेलं नाही, आणि दाजींनी कॅमेरा थांबवला नाही.

संध्याकाळी घरी टीव्हीवर बघितलं तेव्हा तो दिसला. सैनिक पळताहेत, धूर लोळतोय, आणि मागच्या गल्लीतून एक माणूस चाललाय. पाठमोरा. धोतर, मुंडासं, खांद्यावर काहीतरी गोल आणि जड. शेजारी बॉम्ब फुटतोय, पण मान वळत नाही. ओझं असलेला माणूस चालतो तसा पाय रोवत, सावकाश, भिंतीच्या कडेकडेने जातो आणि कोपऱ्यावर वळतो.

दाजींचा संताप संताप झाला. एकेकाला बोलावून विचारलं. आमच्यात धोतरवालं कुणी नव्हतंच. रहीमभाई पडद्याजवळ जाऊन बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "दाजी, खांदे पे जो है, वो मेरा बनाया हुआ नई. मैंने गोल कुछ बनायाच नई." ताई आतून आली, तिने एकदा बघितलं आणि टीव्ही बंद केला. पण लढाई दुसरी नव्हतीच, म्हणून पिच्चर तसाच लावायचा ठरला.

गावाने पिच्चर बघितला आणि पोटभर हसलं. दाजी खूश. स्वस्त पिच्चर बघून लोक हसणार, हा त्यांच्या मते सन्मानच. पण दोन दिवसांनी एक वेगळीच गर्दी दारात आली. धरणाने उठवलेलं ते गाव वरच्या माळावर वसवलेलं आहे, तिथली म्हातारी माणसं. त्यांना ना यानाशी घेणं, ना युद्धाशी. "जरा मागं घ्या. थांबा, हितं थांबा. ती आमची भिंत. तो देवळाचा कट्टा." पुढे सैनिक मरत होते आणि ही माणसं त्यांच्या डोक्यावरून आपापली घरं शोधत होती. एकीने तर पडद्यावरचा उंबरा पदराने पुसला. दाजी रिमोट हातात धरून ती म्हणतील तिथे चित्र थांबवत होते. आपल्या पिच्चरमध्ये आपल्याला माहीत नसलेला दुसराच एक पिच्चर आहे, हे त्यांना तेव्हा प्रथम कळलं असावं.

त्यांच्यात सोनाकाकू होत्या. वाळक्या शेंगेसारखा देह, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तो माणूस पडद्यावर आला तशा त्या उठून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला, जुन्या बायका घरधन्यासमोर ओढतात तसा. माणूस वळून गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून जातंच घेऊन फिरायलेत."

त्यांची हकीकत बाकीच्यांनी सांगितली. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळे माळावर आले होते. काकूंचं जातं मागे राहिलं. नवं लग्न, माहेरचं जातं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, जातं तेवढं आणा. तो गेला तो आलाच नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. प्रेत मिळालं नाही म्हणून काकूंनी कुंकू पुसलं नाही, आणि त्यावरून लोकांचं जन्मभर ऐकून घेतलं.

काकू रोज येऊ लागल्या. तो तुकडा बघायच्या, चहा नको म्हणायच्या, जायच्या. रोज तेच, तरी दाजी म्हणायचे की माणूस आता जास्त थकल्यासारखा चालतोय. मी म्हणालो, "दाजी, तेच तर चित्र आहे." ते म्हणाले, "तेच हाय. म्हनूनच म्हन्तो." एरवी जेवताना डाळीच्या वाटीत दुर्बीण बघणारा हा माणूस घासच गिळेना. शेवटी एका सकाळी काकूच म्हणाल्या, "लेकरा, मला तितं घिऊन जाशील का? जितं वळले तितं."

रहीमभाईंच्या जीपने आम्ही गेलो. धुराचे काळे डाग अजून भिंतींवर होते, फुटलेल्या बॉम्बचे कागद पडले होते, त्या सगळ्याची आम्हा तिघांना लाज वाटली. काकूंना वाट दाखवावी लागली नाही. पाण्याखाली इतकी वर्षं बुडालेल्या गल्लीतून त्या चुलीवर दूध ठेवून आल्यासारख्या भरभर गेल्या. कोपऱ्यावर वळल्या आणि एका उंबऱ्याशी थांबल्या. तो गार वारा आला आणि या वेळी गेला नाही, तिथेच राहिला. रहीमभाईंचे ओठ हलत होते, ते काहीतरी पढत होते. दाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

काकू उंबऱ्याकडे तोंड करून, पण मान खाली घालून बोलल्या. भांडण मिटवणाऱ्या बाईच्या आवाजात. "आवो, आइका. म्या चुकले. ठिवा ते जातं खाली. आता गिरनीचं पीठ मिळतंय, दळायचं काम न्हाई. घर वरच्या माळाला हाय. शाळंच्या मागची गल्ली, दारात लिंबाचं झाड हाय. कोनालाबी इचारा, सांगतेत. तसंच या. मोकळ्या हातानं या."

मग त्या वळल्या आणि मागे न बघता जीपपर्यंत चालत आल्या. परतताना वारा पडला होता, आणि ऊन साधं उन्हासारखं लागत होतं.

पाऊस येण्याआधी दाजी एकदा डिश परत आणायला तिकडे गेले. रहीमभाई आणि मी बरोबर होतो. यान ट्रॉलीत चढवलं, आणि दाजी त्या कोपऱ्याकडे गेले. हाक आली म्हणून आम्ही धावलो. त्या दिवशी ज्या उंबऱ्यासमोर आम्ही स्वतः उभे राहिलो होतो, त्याच्या आत दगडी जातं होतं. खालची तळी, वरची पाळी एकावर एक, नीट ठेवलेलं. बाकी सगळ्यावर गाळाची राख, यावर कणही नाही. आधीपासून असेल, आम्ही बघितलं नसेल, असं मी म्हणालो. शिक्षकाने असं म्हणायचं असतं. रहीमभाई म्हणाले, "हौ, होगा," आणि हात न लावता मागे सरले. आम्ही ते तिथेच ठेवलं. पुढच्या पावसात धरण भरलं.

उंबऱ्याशी जाऊन आल्यापासून काकू पिच्चर बघायला आल्या नव्हत्या. तब्येत बरी नसेल म्हणून दाजी माळावर गेले. काकू लिंबाखाली तांदूळ निवडत बसल्या होत्या, सुपात एका माणसाला लागतील त्याहून जास्त. दाजींनी विचारलं, "काकू, येनं बंद केलं?" त्यांनी वर बघितलं, कुंकवाखाली चेहरा पोरीसारखा हसला. "आता कशाला बगू?" दाजी चहा झाला नव्हता तरी झाला म्हणाले आणि उठले.

हळूहळू लोकांनी केबल तोडली. सगळं मोबाइलवर आलं, गुलाबाचं फूल बघायला कुणी उरलं नाही. दाजींचा धंदा बसला, पण वेड बसलं नाही. परवा त्यांनी मला पुन्हा चष्म्यासकट बोलावलं. बंद पडलेल्या एका खडीच्या खाणीत नवी लढाई होती. केस पांढरे झालेले रहीमभाई पुन्हा सेनापती, पोती तीच, भांडी ताईची नवी. सगळं सज्ज झालं आणि दाजी कॅमेरा सोडून एकटेच पुढे चालत गेले. खाणीच्या पलीकडच्या काठाला, जिथे लढाईचं काहीच नव्हतं, तिथे डोळ्यांवर हाताची सावली धरून उभे राहिले. पोत्यांत माणसं घामाने निथळत होती. मी ओरडलो, "दाजी, ऊन उतरतंय!"

त्यांनी मागे न बघता हात वर केला. "थांबा जरा. जाऊ द्या."

पलीकडे मोकळा माळ होता. कुणीही जात नव्हतं. आम्ही सगळे, दोन्हीकडच्या फौजा, शस्त्रं खाली करून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दाजींनी कुणाला तरी वाट दिल्यासारखं एक पाऊल मागे घेतलं, मान लववली, आणि परत येऊन कॅमेऱ्याला डोळा लावत म्हणाले, "हं. आता चला."